नाचणगावातली मुशी

मुशी बघायला मी वर्धा जिल्ह्यात गेले होते असं सांगितलं, की आमच्या रत्नागिरीत लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग एकमेकांकडे. बंदरावर रोज सकाळी पाटीभर मुशी मिळते, ती सोडून ही बाई कापसाच्या मुलखात मासे बघायला जाते, म्हणजे निवृत्ती हिला मानवलेली दिसत नाही. माझ्या धाकट्या जावेनं तर तोंडावरच विचारलं, की तिकडे समुद्र कधी आला? म्हणून हे एकदा नीट लिहून काढते आहे. हसायचं तिथे खुशाल हसावं. शेवटी शेवटी मला स्वतःला हसू येत नव्हतं, एवढं आधीच सांगून ठेवते.

मी तीस वर्षं किनाऱ्यावरच्या एका मत्स्यालयात नोकरी केली. हुद्दा प्रयोगशाळा सहायकाचा, काम मात्र पडेल ते. टाक्या धुवायच्या, पाणी तपासायचं, माशांना खाऊ घालायचं आणि अंडी सांभाळायची. मुशी म्हणजे शार्क, हे समुद्रापासून लांबच्या वाचकांसाठी सांगते. सगळ्याच मुशी सिनेमातल्यासारख्या माणसं फाडत फिरत नाहीत. त्यातली एक जात हातभर लांबीची, मातकट रंगाची, जन्मभर समुद्राच्या तळाशी पडून राहणारी. हिच्या पिलांच्या अंगावर आडवे पट्टे असतात आणि पुस्तकांत हिला बांबू शार्क म्हणतात. खेकडे, कोळंबी, चिखलातले किडे हे हिचं जेवण. दिवसभर कपारीत तोंड खुपसून बसायचं आणि अंधार पडला की बाहेर यायचं. आमच्याकडे जाळ्यात आली तर कोणी तिचं कौतुक करत नाही.

नाचणगावच्या वानखडे सरांचा फोन आला तो याच जातीसाठी. सर प्राणिशास्त्राचे निवृत्त शिक्षक. त्यांचा एक जुना विद्यार्थी मुंबईला असतो. त्यानं तीन-साडेतीन वर्षांपूर्वी तिथल्या मासे विकणाऱ्या दुकानातून जवळजवळ पूर्ण वाढलेली एक मादी पाण्याच्या पिशवीत घालून आणली आणि गुरुदक्षिणा म्हणून सरांच्या दारात ठेवली. सरांनी पिंपात मिठाचं पाणी तयार करायला शिकून घेतलं, मोठी काचेची टाकी बसवली आणि तिला जगवलं. इतकी वर्षं ती टाकीत एकटीच होती. तरी गेल्या वर्षीपासून ती अंडी घालू लागली. पहिली सगळी पोकळ निघाली. मार्गशीर्षात घातलेल्या एका अंड्यात मात्र पिलू दिसत होतं.

सरांचा प्रश्न एवढाच होता, की ते पिलू जिवंत आहे की मेलेलं. त्यांनी पाठवलेल्या व्हिडिओत ते अजिबात हलत नव्हतं. मेलेलं असेल आणि तसंच राहिलं, तर अंडं कुजून पाणी बिघडणार आणि तेवढ्याशा टाकीत आईही दगावणार. जिवंत असेल आणि बाहेर काढून टाकलं, तर आपल्या हातून एक जीव जाणार. सरांचा निर्णय होत नव्हता. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही या, तुम्ही म्हणाल तसं करू. आता इतक्या आदरानं कुणी बोलावल्यावर नाही म्हणण्याइतकी मी शहाणी नाही.

पहिला दिवस

पुलगाव स्टेशनला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील आणि ऊन मात्र बाराचं होतं. फाल्गुन संपत आला होता. सर रिक्षा घेऊन आले होते. पुलगाव संपून नाचणगाव कधी सुरू झालं ते मला कळलंच नाही. घराघरांच्या कडेला पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे, भारे रचलेले. चुलीला तेच सरपण. मधूनच एखादा पळस अंगभर लाल होऊन उभा आणि त्याच्या खाली सावलीचा पत्ता नाही. कोकणातून गेलेल्या माणसाला एवढं मोठं आभाळ बघवत नाही. मला सारखं डोक्यावर पदर घ्यावासा वाटत होता.

वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, पोहे दिले. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतलेली आणि वर सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला दुसऱ्या घासाला समजलं. तर्रीनं नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तशा वहिनी म्हणाल्या की ही तर पाहुण्यांसाठी कमी तिखट केली आहे. मी नारळाची आठवण काढत पाणी प्यायले.

मग सर मला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथे पूर्वी कापूस साठवायची एक खोली आहे. खिडक्यांना गोणपाटं लावलेली, आत जवळजवळ अंधार. फरशी ओली असते म्हणून दाराशी रबरी सपाता ठेवल्या होत्या, त्या सरांनी मला घालायला लावल्या. ते स्वतः अनवाणीच. मी उंबरा ओलांडला आणि थबकले. आत समुद्राचा वास होता.

तो वास मी जन्मभर घेतला आहे. त्यानं मला कधी काही झालं नव्हतं. पण मागे पऱ्हाटी, पुढे पळस, ओठांवर धूळ आणि मधल्या एका अंधाऱ्या खोलीत ओहोटीचा वास, हे काही मला बरं वाटलं नाही. भिंतींना खालून वर कमरेपर्यंत मिठाचा पांढरा पापुद्रा चढला होता. वरच्या आढ्याला जुन्या कापसाच्या तारा अजून चिकटलेल्या होत्या आणि पंपाच्या वाऱ्यानं त्या हळूहळू हलत होत्या. सर कुजबुजत बोलत होते. मीही कुजबुजत बोलायला लागले, का ते माहीत नाही.

टाकीच्या तळाला वाळू आणि एक फुटका रांजण आडवा घातलेला. मला मुशी दिसेना. बराच वेळ मी रांजणाच्या तोंडाशी पडलेल्या एका दगडाकडे बघत होते. मग त्या दगडाचा डोळा उघडाच आहे हे लक्षात आलं. डोळ्याच्या मागे एक लहानसं भोक असतं, त्यातून ती तळाशी पडल्या पडल्या श्वासाचं पाणी आत घेते. ते भोक उघडत होतं आणि मिटत होतं. बाकी अंगाला काही हालचाल नाही. थोड्या वेळानं ती निघाली. ही जात पोहण्यापेक्षा चालते जास्त. पुढचे पर आणि मागचे पर एकाआड एक टेकत ती वाळूवरून सावकाश काचेपर्यंत आली आणि माझ्यासमोर थांबली.

हिचा चिवटपणा फार. माझी आई बंदरावर मासे विकायची. एकदा पहाटे घेतलेली अशी एक मुशी विकली गेली नाही, ती ओल्या फडक्याखाली पाटीत तशीच राहिली. दुपारी घरी येऊन आईनं विळीवर धरली, तेव्हा तिनं मान वळवली. आईच्या हातून ती निसटून पडली आणि शेणानं सारवलेल्या अंगणात पर टेकत दोन पावलं गेली. आई त्या दिवशी जेवली नाही. ओहोटीला पाणी आटलं तरी डबक्यात तासन्‌तास तग धरायची या जातीला सवय असते, हे मी पुढे नोकरीत शिकले. आईला ते कुणी सांगितलं नव्हतं.

अंडं टाकीच्या कडेला सुतळीनं बांधून टांगलं होतं. मुशीचं अंडं कोंबडीसारखं कवचाचं नसतं. चामड्याच्या बटव्यासारखं असतं ते, तपकिरी आणि चपटं, कडेला चिवट तंतू, ज्यांनी ते समुद्रात गवताला नाहीतर खडकाला अडकून राहतं. पिलू आत साधारण चार महिने काढतं. सुरुवातीला बटवा बंद असतो, पुढे त्याच्या कडेला बारीक चिरा पडतात. मग आतलं पिलू शेपटी हलवून हलवून त्या चिरांतून ताजं पाणी आत ओढून घेतं. म्हणजे या वयाचं पिलू शेपटी हलवत नसेल तर त्याचा श्वास चालू नाही. मी जी परीक्षा करायला गेले होते ती इतकी साधी होती.

सरांनी टाकीवर टांगलेली ट्यूबलाइट लावली. मुशीला अंधार आवडतो म्हणून ती एरवी बंदच ठेवतात, अंडं बघायचं असेल तेव्हाच लावतात. दोनतीनदा लुकलुकून ती लागली. मी अंड्यामागे बॅटरी धरली. बटवा मधासारखा उजळला आणि आत पिलू दिसलं. बोटभर लांब, पट्टे उमटलेले, डोळे काळेभोर, पोटाशी बलकाचा छोटा गोळा उरलेला. शेपटी वळवून तोंडाजवळ आणलेली. मी हातावरच्या घड्याळात बघत उभी राहिले. पाच मिनिटं झाली, सात झाली, शेपटी जिथे होती तिथेच राहिली.

सर माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, उद्या पुन्हा बघू. मग वातावरण हलकं करायला की काय, त्यांनी मला पाण्यात बोट बुडवायला सांगितलं. या माशाचा करंट लागतो, ते म्हणाले, गावातले सगळे येऊन बघून गेले. समुद्राचा मासा आहे ना, अंगात वीज असते. मी बोट घातलं. मला काही लागलं नाही. मी त्यांना समजावलं की करंट मारणारा मासा वेगळा, तो चपटा असतो. मुशीच्या अंगात वीज नसते, उलट दुसऱ्याच्या अंगातली बारीकशी वीज तिला समजते. वाळूखाली लपलेला खेकडा तिला न बघताच सापडतो तो असा. सर ऐकून घेत होते, पण पटल्यासारखं दिसलं नाही. त्यांनी स्वतः बोट बुडवलं आणि ते म्हणाले, मला तर झिणझिण लागते बुवा. मी मनात म्हटलं, वय झालं.

सरांनी समुद्र पाहिलेलाच नाही, हे मला जेवताना कळलं. पश्चिमेला पुण्यापर्यंत ते गेले आहेत, त्याच्या पुढे कधी काम पडलं नाही. घरात समुद्र करून ठेवलेल्या माणसानं तो एकदाही बघू नये याचं मला फार नवल वाटलं. विचारलं तर म्हणाले, बघितला असता तर इतका लहान करून ठेवायची हिंमत झाली नसती.

दुसरा दिवस

सकाळी सर मला वर्धा नदीवर घेऊन गेले. पाणी कमी झालं होतं, काळे खडक उघडे पडले होते, एक जण गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळं झटकत होता. समुद्र सारखा काहीतरी बोलत असतो, ही नदी काहीच बोलत नव्हती. मला तिथे फार वेळ बसवलं नाही.

परत येऊन पुन्हा ट्यूबलाइट लावली, पुन्हा बघितलं. पिलू कालच्यासारखंच. नाही म्हणायला शेपटीचं टोक काल तोंडाच्या डावीकडे होतं, आज उजवीकडे दिसलं. सुतळीनं टांगलेलं अंडं फिरलं असेल, मी स्वतःला सांगितलं. टाकीतल्या मुशीनंही आदल्या दिवसापासून खाणं सोडलं होतं. सरांनी टाकलेली कोळंबी वाळूवर तशीच पडून होती. पाणी बिघडायला लागल्याची ही पहिली खूण असते.

दुपारी सुभद्राबाईंची ओळख झाली. सुभद्राबाई मडावी या गोंड बाई, वय माझ्याच आसपास, घर गावाच्या कडेला. सरांकडे झाडलोट करतात आणि घरी कोंबड्या पाळतात. या घरात त्यांच्याकडे आणखी एक जबाबदारी आहे. रोज दुपारी लाइट जाते तेव्हा टाकीचा पंप बंद पडतो. तेव्हा त्या खोलीत जाऊन सेलवर चालणारा छोटा हवेचा पंप लावतात, म्हणजे मुशी गुदमरत नाही. ती वेळ सरांच्या झोपेची.

त्यांनी मला त्यांच्या घरी कोंबड्या बघायला नेलं. खुडूक बसलेली एक कोंबडी उचलून त्यांनी तिच्याखालचं एक एक अंडं दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत धरलं. आत लाल शिरा दिसल्या तर ठेवायचं, नुसतंच पिवळं दिसलं तर काढायचं. आम्ही प्रयोगशाळेत बॅटरीनं हेच करत होतो. कामाच्या गप्पा जमल्या. मी त्यांना मुशीचं सांगितलं, की तुमच्या सरांना वाईट वाटेल, पण त्या अंड्यात आता काही नाही.

त्यांनी अंडं हलक्या हातानं कोंबडीखाली सरकवलं.

"मेलं नाई थे," त्या म्हणाल्या. "लाइट गेली का हालते. मले रोज दिसते. मी मोबाइलची बॅटरी लावतो ना, तवा."

मी म्हटलं, अहो, पंप बंद पडतो, पाणी हिंदकळतं, अंडं हलतं, आतलं हलल्यासारखं वाटतं. हे मी इतक्या ठामपणे सांगितलं, की आता लिहितानाही मला माझा आवाज ऐकू येतो. सुभद्राबाई वाद घालणाऱ्यातल्या नाहीत.

"घार वरून गेली अन् कोंबडी घाबरून ओरडली का अंड्यातलं पिल्लूबी गप होते," त्या म्हणाल्या. "तुमी जाता तवा थे गप राह्यते. तुमाले भेते थे."

मला त्याचा थोडा रागच आला. तीस वर्षं मुशीची अंडी मी हाताळली होती आणि ही बाई मला घार म्हणत होती. पण परत येताना त्या वाक्यानं माझी पाठ सोडली नाही. खोलीत एकटी गेले, ट्यूबलाइट लावली, बॅटरी धरली. पिलाचा काळा डोळा माझ्याकडे होता. त्या डोळ्यात मेलेल्या माशाचा पांढुरका पडदा अजून आला नव्हता. मी लाइट बंद केली आणि जवळजवळ पळतच बाहेर आले.

तिसरा दिवस

सकाळी मुशी रांजणातून बाहेर आलीच नाही. तिचं श्वासाचं भोक भरभर उघडमीट करत होतं. पाण्याला वास आहे असं मला वाटलं, सरांना वाटलं नाही. आता थांबण्यात अर्थ नव्हता. मी सरांना सांगितलं, की पिलू गेलं आहे, अंडं बाहेर काढून कापून बघू, म्हणजे तुमच्या मनात किंतु राहणार नाही, आणि मग निम्मं पाणी बदलू. सरांनी मान हलवली. ते बाहेर जाऊन उभे राहतील असं वाटलं होतं, पण ते थांबले. हे सगळं ठरेपर्यंत दुपार झाली होती. वहिनींनी कात्री उकळून आणून दिली. मी ती टाकीशेजारच्या स्टुलावर ठेवली.

शेवटचं एकदा बघावं म्हणून ट्यूबलाइट लावली. पिलू तसंच होतं. सुतळीची गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, ती मी बाहेरच्या बाजूनं सोडवायला लागले. गाठ सुटत आली आणि लाइट गेली.

पंप थांबला. त्या खोलीत मी गेले तेव्हा तेव्हा पाण्याचा आवाज चालू असायचा, तो बंद झाल्यावर सरांचा श्वास मला ऐकू यायला लागला. मग दार उघडलं आणि सुभद्राबाई त्यांच्या रोजच्या कामाला आत आल्या. त्यांनी हवेचा पंप लावला, मोबाइलची बॅटरी पेटवली आणि माझ्या हातात गाठ बघून त्या थांबल्या.

"बाई, दोन मिन्टं थांबा," त्या म्हणाल्या. "मंग कापा."

त्यांनी बॅटरी अंड्यामागे धरली. मी गाठ सोडली नाही. बटवा उजळला. आतली शेपटी स्थिर होती. मी मनात मोजायला लागले. सुभद्राबाई त्यांच्या भाषेत पुटपुटत होत्या, माझ्याशी नाही, अंड्याशी. मी किती आकड्यांपर्यंत गेले होते ते आठवत नाही. शेपटीचं टोक थरथरलं. मग पूर्ण शेपटी एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे, आणि मग थांबली नाही. चिरांपाशी तरंगणारा गाळाचा कण आत ओढला गेला आणि बाहेर फेकला गेला. पिलू श्वास घेत होतं, सावकाश, लयीत, कितीतरी दिवसांच्या सरावानं.

सर खाली ओल्या फरशीवर बसले. मी गाठ पुन्हा बांधायला लागले.

तेवढ्यात लाइट आली. पंपाचा आवाज सुरू झाला, ट्यूबलाइट लुकलुकली आणि लागली. मी पिलाकडे बघत होते. शेपटी अर्ध्या वाटेवर थांबली. अगदी जिथे होती तिथे, तोंडापासून दूर, अर्धवट वळलेली. एक क्षण आधी जिवंत असलेलं पिलू माझ्या डोळ्यांदेखत मेलं.

मी सरांना ट्यूबलाइट बंद करायला सांगितलं. पंप चालूच होता. सुभद्राबाईंच्या बॅटरीच्या उजेडात आम्ही तिघं वाट बघत राहिलो. थोड्या वेळानं शेपटी हलायला लागली. पुन्हा ट्यूबलाइट लावली, पुन्हा पिलू मेलं. बंद केली, जिवंत झालं. चार वेळा करून बघितलं आणि पाचव्यांदा करायचं धाडस कुणाला झालं नाही.

मग मला सरांची झिणझिण आठवली. मी सपाता काढल्या, अनवाणी पाय ओल्या फरशीवर टेकला, सरांना ट्यूबलाइट लावायला सांगितलं आणि पाण्यात बोट बुडवलं. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. घरातला टेस्टर आणून ट्यूबलाइटच्या पट्टीला लावला, तर त्याचा दिवा पेटला. खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांनी पट्टी आतून गंजली होती आणि वीज पाण्यात उतरत होती. समुद्र न पाहिलेल्या गावानं तो माशाचा करंट समजून महिनोन्‌महिने त्यात बोटं बुडवली होती. सर कुणालातरी मारून बसले नाहीत हे नशीब. मला रबरी सपातांमुळे काही लागलं नव्हतं आणि मी त्यांचं वय काढून मोकळी झाले होते.

पिलाचं कोडं त्यावरून सुटतं, निदान मला तरी दुसरं कारण सुचत नाही. मुशीच्या पिलाला अंड्यात असतानाच दुसऱ्या जनावराच्या अंगची वीज समजते. मोठा मासा जवळ आला की ते शेपटी थांबवतं, श्वाससुद्धा बंद करतं, म्हणजे त्याचा माग लागत नाही. पळायला जागा नाही, लपायला जागा नाही, मग मेल्यासारखं व्हायचं, एवढंच त्याच्या हातात असतं. सर प्रेमानं लाइट लावून त्याला बघायला यायचे. बटव्यात बसलेल्या त्या जिवाला दर वेळी एक भलंमोठं तोंड आपल्यावर आलं आहे असं वाटत असणार. आईनं खाणं टाकलं होतं तेही बहुधा त्यामुळेच. मी आल्यापासून ती लाइट दिवसातून कितीतरी वेळा लागली होती.

सरांनी ट्यूबलाइट स्वतःच्या हातानं उतरवली. संध्याकाळी मुशीनं कोळंबी खाल्ली. एकट्या मादीच्या अंड्यात पिलू आलं कुठून, हे वहिनींनी मला जेवताना विचारलं. मी सांगितलं की या जातीच्या माद्या नराचं बीज वर्षानुवर्षं पोटात जपून ठेवतात असं दिसून आलं आहे, आणि कधी कधी नराशिवायही पिलं होतात. यातलं नक्की कोणतं, ते मला माहीत नाही. इतक्या दिवसांत मी त्या घरात पहिल्यांदा माहीत नाही म्हटलं.

रत्नागिरी

मी परत आल्यावर दोन-अडीच आठवड्यांनी सरांचा फोन आला. पिलू बाहेर आलं होतं. वीतभर सुद्धा नाही, अंगावर काळे-पांढरे पट्टे, वाळूवर पर टेकून बसलेलं. आई खाऊन टाकेल म्हणून वेगळ्या टाकीत ठेवलं होतं. सर बोलता बोलता रडायला लागले आणि मग सुभद्राबाई जवळच आहेत म्हणून त्यांनी फोन त्यांच्याकडे दिला.

मी त्यांचे आभार मानले. तुम्ही थांबवलं नसतं तर माझ्या हातून मोठी चूक होणार होती, असं म्हटलं. त्यांनी माझी तब्येत विचारली, कोंबडीनं किती पिल्लं काढली ते सांगितलं. मग म्हणाल्या,

"बाई, एक इचारू का? तुमी तिकडं अशेच कापत होता ना, मेलेले अंडे?"

मी हो म्हटलं. न हलणारी अंडी कापून बघायची, ही आमची रीत होती. आत पिलू कधी कुजलेलं निघायचं आणि कधी अगदी ताजं, डोळे काळेभोर. ताजं निघालं की आम्ही म्हणायचो, नुकतंच गेलेलं दिसतंय. आमच्या टाक्यांवरही ट्यूबलाइटच्या पट्ट्या होत्या, मिठानं गंजलेल्या, आणि आम्ही सगळे गमबूट घालून काम करत होतो.

"मंग त्यायले लाइट बंद करून पाह्यलं होतं का कधी?"

अंगणातून समुद्राचा आवाज येत होता.

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही."